दुसरी हार्ड डिस्क लावली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना

जागा कमी पडते म्हणून, किंवा जुन्या कॉम्प्युटरमधले फोटो आणि टॅलीचा डेटा नव्यात हवा म्हणून, लोक कॅबिनेट उघडून दुसरी डिस्क जोडतात. काम दहा मिनिटांचं. एक पॉवरची वायर, एक डेटाची केबल, चार स्क्रू. मग बटण दाबलं की काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ उमटते आणि पुढे काहीच होत नाही. घरातलं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "विंडोज उडालं!"

बहुतेक वेळा ते उडालेलं नसतं. आपल्या डिस्कवर ते जसंच्या तसं असतं, फक्त कॉम्प्युटर त्याला भलत्याच डिस्कवर शोधत बसलेला असतो. खरं नुकसान होतं ते यानंतर. घाबरून कुणीतरी फॉरमॅट मारतं, कुणी रिपेअरच्या दोन-चार कमांड न समजता चालवतं, कुणी समोर आलेल्या खिडकीत न वाचता ओके दाबतं. डिस्क जोडल्यामुळे डेटा गेलाय अशी उदाहरणं थोडी, उपायांमुळे गेलाय अशी भरपूर. त्यामुळे आधी नीट बघायचं, हात नंतर लावायचा.

पहिली गोष्ट म्हणजे नवी डिस्क काढून बघणं. कॉम्प्युटर बंद करा, मागची मेन वायर काढा, पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा म्हणजे एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात) उरलेला करंट निघून जाईल. मग नव्या डिस्कच्या दोन्ही वायरी सोडवा आणि पुन्हा सुरू करा. पूर्वीसारखा सुरू झाला तर तुमचं विंडोज ठीक आहे, जुनी डिस्कही ठीक आहे, निम्मी काळजी मिटली. तरीही सुरू झाला नाही तर कॅबिनेटमध्ये हात घालताना दुसरंच काही हललंय. जुन्या डिस्कची केबल अर्धवट निघणं हे यातलं सगळ्यात नेहमीचं. साटाची (डिस्क जोडण्याच्या हल्लीच्या नेहमीच्या पद्धतीची) डेटा केबल सात पिनांची, हलकी असते आणि बऱ्याच केबलींना खटका नसतो, कोपर लागलं तरी सैल होते. दुसरा संशय रॅमवर. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा.

नवी डिस्क काढल्यावर मशीन सुरू झालं, तर पुढची चाचणी अशी: नव्या डिस्कला फक्त पॉवर द्या, डेटा केबल लावू नका. आता अडलं तर भानगड विजेची आहे. आता सुरू झालं आणि डेटा केबल लावल्यावरच अडलं, तर एक तर ती डिस्क किंवा केबल खराब आहे, नाही तर बूटचा क्रम चुकलाय. दोन मिनिटांच्या या चाचणीने अर्धे तर्क बाद होतात, तरी ती फारसं कुणी करत नाही.

गाडी कुठे अडते

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत कारभार तीन हातांतून जातो. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम जागा होतो. त्याला जुन्या सवयीने सगळे बायोसच म्हणतात, पण गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मशीनमध्ये तो यूईएफआय असतो. रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का हे तो तपासतो आणि कुठल्या डिस्कवरून सुरू करायचं ते ठरवतो. मग त्या डिस्कवरचा बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम चालतो. तो विंडोजचा किंवा लिनक्सचा गाभा मेमरीत आणतो आणि बाजूला होतो. पुढचं सगळं त्या गाभ्याच्या हातात.

आता तुमचं मशीन यातल्या कुठल्या टप्प्यावर थांबतंय ते बघा. पंखा फिरतो, लगेच बंद पडतो, पुन्हा फिरतो, असं चाललं असेल तर डिस्कवर काय लिहिलंय याच्याशी त्याचा काही संबंध नाही, एसएमपीएस किंवा वायर बघा. कंपनीच्या लोगोवरच अडकून बसला आणि डिलीट किंवा एफ२ दाबूनही बायोसच्या सेटअपमध्ये जात नसेल, तर बायोस एखाद्या डिस्कच्या उत्तराची वाट बघतंय आणि ती डिस्क उत्तर देत नाहीये. अशी डिस्क मरणपंथाला लागलेली असते किंवा केबल खराब असते. कान लावून ऐका. दर दोन-तीन सेकंदांनी टक, टक असा आवाज येत असेल तर ती डिस्क तिथेच बंद करा, पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका.

लोगो जाऊन काळ्या पडद्यावर अक्षरं आली तर बूटचा क्रम किंवा बूटलोडर. आणि विंडोजचे ठिपके गोल फिरायला लागले, मग निळा पडदा आला, तर पहिले दोन टप्पे पार पडलेत आणि गाभ्याला पुढे आपली डिस्क सापडत नाहीये. या दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी दुकानात फोन करून लोक "बूट होत नाही" एवढंच सांगतात, मग समोरचाही सरसकट विंडोज टाकायला सांगतो. ओळ स्क्रीनवर असताना मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.

पहिली डिस्क कोणती?

जुन्या बायोसची पद्धत १९८३ पासूनची आहे. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा छोटा कप्पा, ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट एका छोट्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या, तक्त्यासाठी, आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये एक खूण: ५५ आणि एए. याला एमबीआर म्हणतात. बायोस आपल्या यादीतल्या पहिल्या डिस्कचा हा सेक्टर वाचतं आणि साधारणपणे शेवटची खूण तेवढी बघतं. खूण असली की वरचा प्रोग्राम चालू करून मोकळं होतं. त्या डिस्कवर विंडोज आहे की नुसते लग्नाचे व्हिडिओ, हे बायोस विचारत नाही.

यातून एक गंमत होते. दुकानातून आणलेली कोरी करकरीत डिस्क सहसा त्रास देत नाही. तिच्यावर ती खूणच नसते, त्यामुळे बायोस तिला ओलांडून यादीतल्या पुढच्या डिस्ककडे जातं. त्रास देते ती वापरलेली किंवा फॉरमॅट केलेली डिस्क. तिच्यावर खूण असते, प्रोग्रामही असतो, फक्त त्या प्रोग्रामला पुढे चालवायला काही सापडत नाही. तो एक ओळ छापतो आणि थांबतो.

ती ओळ नीट वाचली तर मशीन कुठली डिस्क वाचतंय हे कळतं. "रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" आलं तर ते बायोसचं स्वतःचं बोलणं आहे, त्याला एकही लायक डिस्क मिळाली नाही. "मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम" आलं तर एमबीआरमधला प्रोग्राम चाललाय आणि पुढे अडलाय. "बूटएमजीआर इज मिसिंग" हे त्याच्याही पुढचं, पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमधून आलेलं. आणि विंडोज १० च्या मशीनवर "एनटीएलडीआर इज मिसिंग" दिसलं तर कोडं लगेच सुटतं. एनटीएलडीआर हा एक्सपीच्या जमान्यातला बूटलोडर. २००७ साली व्हिस्टा आलं तेव्हापासून ते नाव गेलं. म्हणजे मशीन एक्सपीच्या काळात फॉरमॅट केलेली तुमची जुनी डिस्क वाचतंय. तुमच्या विंडोज १० ला कुणी हातही लावलेला नाही.

उपाय सोपा: बूटचा क्रम बदला. पण सेटअपमध्ये बदल करण्याआधी एकदाच डिस्क निवडून देणारा बूट मेनू वापरून खात्री करून घ्या. सुरू होताना एक की दाबली की तो येतो. डेल आणि लेनोव्होच्या मशीनवर साधारणपणे एफ१२, एचपीवर एफ९, आसूसच्या मदरबोर्डवर एफ८, एमएसआयवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२. यादीतून आपली जुनी विंडोजची डिस्क निवडा. सुरू झालं तर दुखणं क्रमाचंच होतं. मग सेटअपमध्ये जाऊन क्रम कायमचा बदला.

इथे एक खाच आहे, तिच्यात बरेच जण अडकतात. पुष्कळ मदरबोर्डवर बूट ऑर्डरच्या यादीत "हार्ड डिस्क" अशी एकच ओळ दिसते. डिस्क दोन असल्या तरी यादीत एकच. दुसरी कुठे गेली? ती "हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज" अशा नावाच्या एका वेगळ्या पानावर असते, त्याच पडद्यावर खाली. आधी तिथे जाऊन दोन डिस्कमधली कुठली पहिली हे ठरवायचं, मग ती मुख्य यादीत वर येते. हे पान न सापडल्यामुळे "बायोस माझी डिस्क ओळखत नाही" म्हणणारे कितीतरी जण असतात.

मॉडेल नंबर मात्र कागदावर लिहून ठेवा. यादीत "डब्ल्यूडीसी" किंवा "एसटी" ने सुरू होणारे लांबलचक आकडे दिसतात, आणि दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या एक टीबीच्या असल्या की ओळखता येत नाहीत. आकडा डिस्कच्या लेबलवर असतो. कॅबिनेट उघडं असतानाच त्याचा फोटो घ्या.

यूईएफआय आलं आणि घोळ बदलला

विंडोज ८ बरोबर, म्हणजे २०१२ नंतर, बाजारात आलेली बहुतेक मशीनं यूईएफआयवर चालतात. विंडोज ११ ला तर तेच लागतं. यात पहिल्या सेक्टरमधल्या प्रोग्रामवर काही अवलंबून नसतं. डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचं एक छोटं, फॅट३२ फॉरमॅटचं पार्टिशन असतं, बऱ्याचदा १०० एमबीचं. त्यात विंडोजच्या बूटलोडरची फाइल असते. आणि मदरबोर्ड आपल्या मेमरीत नोंद ठेवतो की अमुक डिस्कच्या अमुक पार्टिशनवरची अमुक फाइल चालवायची. नोंदीचं नाव "विंडोज बूट मॅनेजर".

त्यामुळे नुसती डेटाची डिस्क लावली तर यूईएफआय मशीन सहसा बिचकत नाही. बिचकतं ते दुसऱ्या डिस्कवरही विंडोज असलं तर. मग बूट मेनूत "विंडोज बूट मॅनेजर" दोनदा दिसतं, आणि मशीन कधी जुनं विंडोज उघडतं, कधी नवं. लोक म्हणतात माझा डेस्कटॉप गायब झाला, तीन वर्षांपूर्वीचा आला! तो खरोखरच तीन वर्षांपूर्वीचा असतो, कारण तो जुन्या डिस्कवरचा आहे. नावापुढे डिस्कचं मॉडेल किंवा पोर्ट लिहिलेलं असेल तर त्यावरून निवडा.

आणखी एक घोळ सीएसएम किंवा लेगसी या सेटिंगचा. यूईएफआय मशीनला जुन्या पद्धतीने वागायला लावणारी ही सोय. मागच्या मशीनमधून आणलेली एमबीआर डिस्क दिसावी म्हणून कुणी हे बदलतं आणि मुख्य विंडोजच सुरू होईनासं होतं. डेटाच्या डिस्कसाठी हे बदलण्याची काही गरज नाही. विंडोज एकदा सुरू झालं की एमबीआर असो वा जीपीटी (पार्टिशनच्या तक्त्याची नवी पद्धत), दोन्ही प्रकारच्या डिस्क वाचतं. तुमचं विंडोज कुठल्या पद्धतीने बसवलंय हे बघायचं तर स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करा. "बायोस मोड" समोर लेगसी किंवा यूईएफआय लिहिलेलं असतं. हे मशीन चालू असतानाच, डिस्क लावण्याआधी बघून ठेवलेलं बरं.

डिस्क काढली आणि बंद पडला

आतापर्यंत डिस्क लावल्यावर अडण्याचं बोललो. याच्या उलट प्रकार जास्त छळतो, आणि त्याचं मूळ दुसरी डिस्क लावण्यातच असतं. समजा कॉम्प्युटरमध्ये जुनी हार्ड डिस्क आहे. तुम्ही एसएसडी आणली, दोन्ही जोडलेल्या ठेवल्या आणि पेन ड्राइव्हवरून एसएसडीवर नवं विंडोज टाकलं. झकास चाललं. सहा महिन्यांनी जुनी डिस्क कुरकुर करायला लागली म्हणून काढून टाकली, आणि एसएसडीवरचं विंडोज सुरू होईना.

झालं असं की इन्स्टॉलरला जुन्या डिस्कवर आधीच एक बूटचं पार्टिशन दिसलं, आणि त्याने एसएसडीवर नवं न करता त्यातच आपला बूटलोडर ठेवून दिला. विंडोज एसएसडीवर, त्याची किल्ली जुन्या डिस्कवर. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट (सगळ्या डिस्क आणि पार्टिशनं दाखवणारी खिडकी) उघडून बघितलंत तर हे आधीच कळतं. सी ड्राइव्ह डिस्क १ वर आणि "ईएफआय सिस्टिम पार्टिशन" डिस्क ० वर असं दिसलं की समजायचं. विंडोज टाकताना बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात असं जे जुने जाणते सांगतात ते याचसाठी, आणि माझ्या मते विंडोज टाकण्याबाबतचा हा एकच सल्ला कधीही मोडू नये.

मोडला असेल तर दुरुस्ती होते, नवं विंडोज टाकावं लागत नाही. जुनी डिस्क अजून चालत असेल तर ती परत लावा, आधी बॅकअप घ्या. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून एसएसडीच्या सी पार्टिशनच्या शेवटची तीनशेएक एमबी जागा श्रिंक करून मोकळी करा. मग विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून शिफ्ट आणि एफ१० दाबा, कमांडची खिडकी उघडेल. डिस्कपार्ट चालवा, लिस्ट डिस्क म्हणा. जीपीटीच्या रकान्यात एसएसडीपुढे चांदणीची खूण (*) दिसली पाहिजे. एसएसडी निवडून त्या मोकळ्या जागेत ईएफआय प्रकारचं पार्टिशन तयार करा, फॅट३२ मध्ये क्विक फॉरमॅट करा, एस हे अक्षर द्या, बाहेर या. मग बीसीडीबूट ही कमांड: तिच्यापुढे विंडोज फोल्डरचा पत्ता, मग स्लॅश एस आणि एस ड्राइव्ह, मग स्लॅश एफ आणि यूईएफआय. बूटच्या फाइल नव्या पार्टिशनमध्ये तयार होतात. यानंतर जुन्या डिस्कची केबल काढून सुरू करून बघा.

दोन ठिकाणी जपा. पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी तिथे डी किंवा ई दिसेल. डीआयआर कमांडने आतले फोल्डर बघून खात्री करा. आणि डिस्कपार्टमध्ये "क्लीन" हा शब्द चुकूनही टाइप करू नका. तो निवडलेल्या डिस्कची सगळी पार्टिशनं एका फटक्यात पुसतो आणि "खरंच पुसू का?" असं विचारत नाही. तुमचं विंडोज लेगसी पद्धतीचं असेल तर ही रीत लागू नाही. तिथे एमबीआरटूजीपीटी हे विंडोज १० मध्ये २०१७ पासून मिळणारं साधन आधी बघावं लागतं.

हुबेहूब नक्कल असलेली डिस्क

जुन्या डिस्कचं क्लोन करून एसएसडी बनवली आणि दोन्ही एकाच वेळी जोडल्या तर वेगळीच पंचाईत होते. प्रत्येक डिस्कला एक ओळख क्रमांक असतो. क्लोन करताना काही सॉफ्टवेअर तो क्रमांकही उतरवून घेतात. मग एकाच नावाचे आणि एकाच आधार क्रमांकाचे दोघं बँकेत हजर झाल्यासारखं होतं. विंडोज एकालाच आत घेतं, दुसरी डिस्क ऑफलाइन ठेवतं आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये "सिग्नेचर कोलिजन" असं कारण दाखवतं. तुम्ही तिथे "ऑनलाइन" दाबलंत तर विंडोज त्या डिस्कला नवा क्रमांक देतं. डेटासाठी हे चालतं, पण त्या डिस्कवरच्या विंडोजचा बूटलोडर जुनाच क्रमांक शोधत राहतो. पुढे कधी त्यावरून सुरू करायला गेलात तर ०एक्ससी०००००००ई असली एरर येते.

क्लोन पूर्ण झालं की बंद करा, जुनी डिस्क काढा, पहिल्यांदा फक्त नवीवरून सुरू करा. नवी नीट चालतेय याची खात्री पटल्यावर मग जुनी जोडून फॉरमॅट करा.

निळा पडदा: इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस

विंडोज सुरू व्हायला लागलं आणि हा संदेश आला तर बहुधा बायोसमधलं साटा मोड बदललंय. मदरबोर्डने डिस्कशी कसं बोलायचं ते यावरून ठरतं. एएचसीआय, रेड (अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत), इंटेल आरएसटी असे पर्याय असतात. विंडोज ज्या मोडमध्ये बसवलं त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीला लोड करतं, मोड बदलला की त्याला आपलीच डिस्क दिसत नाही. डिस्क लावताना कुणी "लोड डिफॉल्ट्स" दाबलं, किंवा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपत आलाय आणि वायर काढल्याबरोबर सेटिंग विसरली गेली, तर हे होतं. मोड पहिल्यासारखा करा, विंडोज मुकाट्याने सुरू होईल. पहिला कुठला होता आठवत नसेल तर दोन्ही करून बघा, नुसतं मोड बदलून सुरू केल्याने डेटा जात नाही. फक्त रेडच्या पानावर जाऊन नवा अ‍ॅरे वगैरे बनवू नका.

याच सुमारास निळ्या पडद्यावर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट (फक्त ओळखीचाच बूटलोडर चालू देणारी सेटिंग) बदललं की त्याला संशय येतो. यातही बिघाड काही नाही, पण की नसेल तर डेटा मिळत नाही, कुणालाच. नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाला पत्ता नसताना चालू असतं, आणि की त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा असते. बायोसला हात लावण्याआधी ती लिहून घ्या, किंवा बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा.

वायरी आणि वीज

साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना काही क्षण १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, म्हणजे पंचवीसएक वॉट. चांगल्या एसएमपीएसला हे काहीच नाही. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या, लेबलवर ४५० वॉट लिहिलेल्या आणि सात वर्षं चाललेल्या एसएमपीएसला कदाचित जड जाईल.

वेगळ्या कंपनीच्या एसएमपीएसची सुटी केबल कधीही लावू नका. सुट्या केबलीचं डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिना कंपनीगणिक वेगळ्या. चुकीची केबल बसते छान आणि बटण दाबताच डिस्क जाळते. आणि एक्स्टर्नल खोक्यातून काढलेली मोठी डिस्क आत लावल्यावर अजिबात फिरत नसेल तर ती मेली असं लगेच समजू नका. काही डिस्कना साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट मिळाले की त्या बंद राहतात, ती सर्व्हरसाठीची सोय आहे. मोलेक्स (जुन्या पद्धतीची चार पिनांची पॉवर वायर) ते साटा कन्व्हर्टर लावला की त्या पिनेवर वीज येत नाही आणि डिस्क फिरते. कन्व्हर्टर घेताना एकसंध प्लास्टिक ओतलेला स्वस्त प्रकार टाळा, त्यांनी पेट घेतल्याच्या घटना आहेत.

एम.२ एसएसडी (मदरबोर्डवरच्या खाचेत थेट बसणारी) लावली आणि जुनी साटा डिस्क गायब झाली, तर मदरबोर्डची पुस्तिका उघडा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ चा खाचा आणि एक-दोन साटा पोर्ट एकच वाट वापरतात, एक भरला की दुसरं बंद होतं. जुन्या डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावली की झालं. एवढ्याशा गोष्टीपायी लोक बोर्ड बदलून घेतात!

लिनक्सवाल्यांसाठी

लिनक्समध्ये डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी सापडतील त्या क्रमाने पडतात. नवी डिस्क आली की कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) ही नावं लिहिलेली असतील तर सिस्टिम दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये पडते. नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा, आणि डेटाच्या डिस्कला नोफेल (ती सापडली नाही तरी न अडता पुढे जा) हा पर्याय जोडा. ग्रब रेस्क्यू (लिनक्सचा बूटलोडर ग्रब अडकल्याची खूण) दिसलं तर आधी बूट मेनूतून दुसरी डिस्क निवडून बघा.

विंडोज उघडलं, पण डिस्क कुठेय?

सुरू होतानाच "स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह" असं येऊन टक्के हळूहळू सरकत असतील तर मशीन अडकलेलं नाही, जुनी डिस्क तपासतंय. जुन्या मोठ्या डिस्कला याला तासही लागू शकतात. मधेच बटण दाबून बंद करू नका. हे टाळायचं असेल तर डिस्क दुसऱ्या मशीनमधून काढताना तिथलं विंडोज शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. नेहमीच्या शटडाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे ते पूर्ण बंद होत नाही.

डिस्क दिसली पण मशीन फार रेंगाळत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्यात "करंट पेंडिंग सेक्टर" चा आकडा वाढतोय तर डिस्क जायला आलीय, आज रात्रीच डेटा काढून घ्या. "सीआरसी एरर काउंट" वाढतोय तर डिस्कला दोष नका देऊ, केबल बदला.

धिस पीसीमध्ये डिस्क दिसतच नसेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिला नुसतं अक्षर दिलेलं नसेल तर उजवं क्लिक करून अक्षर द्या. "इनिशियलाइझ डिस्क" अशी खिडकी आली आणि डिस्क कोरी असेल, तर जीपीटी निवडा. एमबीआर निवडलं तर दोन टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही. पण डिस्कवर डेटा असताना ही खिडकी आली, किंवा "फॉरमॅट करायचं का?" असं विचारलं, तर कॅन्सल. याचं कारण पुष्कळदा साधं असतं: डिस्क एक्स्टर्नल खोक्यातून काढलेली असते, त्या खोक्यातलं सर्किट सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे दाखवत असतं, आणि थेट साटावर तोच तक्ता विंडोजला वाचता येत नाही. काही खोकी तर डेटा आतल्या आत एन्क्रिप्ट करून ठेवतात. डिस्क पुन्हा त्याच खोक्यात बसवा, यूएसबीने जोडा, डेटा दुसरीकडे कॉपी करा, आणि मग ती आत लावून खुशाल फॉरमॅट करा.